थंड असताना

"रात्रीच आणून ठेव," कायतान मेस्त म्हणाला होता,
"तापलेली गाडी खोटं बोलते."
म्हणून कुडचड्यात त्याच्या शेडसमोर, फणसाखाली
रात्रभर उभी होती ती:
दोनशे सात, सत्त्याण्णवचं मॉडेल,
हौद्यात जत्रेहून परतलेल्या एकशे साठ खुर्च्या
जमतील तशा रचलेल्या.

सकाळी त्याने बॉनेट उघडलं,
बागेच्या नळीचा हातभर तुकडा कानाला लावला.
उजव्या कानाला. डावा तो खाणीवर
कॉम्प्रेसरपाशी ठेवून आलाय.
मार स्टार्टर, म्हणाला.
टक् टक् टक् टक्
तिसऱ्या सिलिंडरपाशी नळी थांबली.
"आयकूं येता?"

येत होतं. सहा महिने येत होतं.
मी त्याला टॅपेट म्हणायचो.
केप्याच्या चढापर्यंत ते आपोआप थांबायचं
आणि मला बरं वाटायचं.

"लोखंड फुगतं, फट बुजते, आवाज जातो.
सगळा धूर नाही जात."
त्याने फ्लँजवरून बोट फिरवून काजळी दाखवली,
मग त्याच काजळीची रेघ
केबिनच्या पत्र्यावरून चढत
क्लचच्या फाटक्या रबरापर्यंत गेलेली.

मी काही बोललो नाही.
शिरोड्याच्या जत्रेहून येताना
शेजारच्या सीटवर तन्वेश मुटकुळं करून झोपला होता,
काचा वर, कारण गारठा.
घरी उतरवला तर डोकं धरून ओकला.
आम्ही खाज्यांना शिव्या दिल्या.
उरलेली पुडी बायकोने कोंबड्यांपुढे टाकली,
आणि पुढच्या जत्रेत मी त्या खाजेवालीला
चार गिऱ्हाइकांसमोर सांगितलं, तुझं तेल वाईट.
ती भांडली नाही.
तिने साठ रुपये परत दिले.

आठ नट. सात आले,
चहा होईपर्यंत तेल पिऊन, गॅसने लाल होऊन,
मेणबत्तीचं मेण आत ओढून घेऊन.
आठव्याने मान मोडून घेतली.
कायतानने टोपी काढली, पुन्हा घातली.
तुटक्या स्टडवर नवा नट वेल्ड केला, निसटला.
पुन्हा केला. निसटला.
तिसऱ्यांदा किर्र करत
अक्कलदाढेसारखा बाहेर आला.

जुनं गॅस्केट एका जागी बोटभर जळालेलं,
बाकी सगळं शाबूत. एवढंसं.
ब्लेडने खरवडून, पट्टी उभी धरून
त्याने पट्टीखालचा उजेड पाहिला, हं म्हणाला,
काचेवर पॉलिश पेपर पसरून
मॅनिफोल्ड घासत बसला अकरापर्यंत.

पाना मात्र माझ्या हातात दिला.
"मधून सुरू कर. बाहेर जा.
एकदम नको आवळू, सगळ्यांना थोडं थोडं."

मग स्टार्टर.
नळी मी कानाला लावली.
आत फक्त इंजिन होतं.
तरी मी तो टक् शोधत राहिलो,
तिसऱ्यापाशी, दुसऱ्यापाशी, पुन्हा तिसऱ्यापाशी,
तेव्हा कायतानने नळी काढून घेतली.

"शंभर किलोमीटर चालव. थंड जांव दी.
मग परत ये, नट पुन्हा आवळायचे असतात."

खाजेवालीचं नाव मला ठाऊक नाही.
ओळीत तिसरी बसते, हिरव्या बल्बखाली.
रविवारी फातर्प्याला खुर्च्या न्यायच्यात.
तन्वेश येतो म्हणतोय.
काचा खालीच ठेवीन.
साठ रुपये सुट्टे वरच्या खिशात, आणि वाक्य
अजून जुळलेलं नाही.