हातावर नको

दुकानातला पोशाख पासष्ट डॉलरचा,
शेपूट वेगळी घ्यायची.
सगळी सोंगं आणता येतात, आई म्हणायची,
पैशाचं येत नाही.
तर हे सोंग घरीच करायचं ठरलं.

टोलीडोच्या गुडविलमध्ये चार डॉलरला मिळाली
बाथरूमपुढची केसाळ तपकिरी चटई,
कुणाकुणाची ओली पावलं पुसून
दमून गेलेली.
दोनदा धुतली. तरी कुत्र्याचा वास.
सावनी म्हणाली, राहू दे, बरोबर आहे.

निरंजनचा चौकड्यांचा शर्ट
खोबऱ्याच्या किसणीवर घासला,
कोपरं फाटेपर्यंत,
मग रात्रभर बुडवून ठेवला उकळल्या चहात, चोथ्यासकट.
सकाळी त्यानं विचारलं, हा माझा ना?
होता, म्हटलं.

पिस्त्याची टरफलं झाली नखं.
कान सीरियलच्या खोक्याचे;
एक उभा राहिला, एक पडला,
पडलेला तिला जास्त आवडला.

इचलकरंजीहून भावाचा फोन:
पोरीला लांडगा? परी कर की.
आणि आपल्यात शब्द तरी कुठाय याला,
अर्धा माणूस, अर्धा लांडगा?
माझ्या वर्गात लांडगे दोन होते,
दोघंही घाबरट, दोघंही पुढच्या बाकावर.
लांडगीण, मी म्हटलं. बघ, चालेल का?
तिनं दोनदा म्हणून पाहिलं,
ण वर दात दाखवून.

मग गोंदाची बंदूक तापवून
शर्टाच्या पाठीवर चटई लावली, छातीवर लावली,
पापण्यांच्या गोंदानं गालांवर दोन पट्ट्या,
हनुवटीला एक झुपका.
उरलेला तुकडा घेऊन तिच्या मनगटापाशी आले
तशी तिनं हात मागे घेतला.

हातावर नको.
का गं?
तिथे माझे आहेत.

बंदुकीतून एक थेंब टेबलावर पडला
आणि तिथंच घट्ट झाला.

जूनमधल्या त्या पूर्ण बाह्या,
नव्वद डिग्रीत.
बसमध्ये तिला कुणी हाक मारायचं,
कुठल्या नावानं, ते तिनं सांगितलं नव्हतं.
एका सकाळी मनगटावर तीन लाल रेघा,
आणि मी ओरडले ते
रेझर का घेतलास म्हणून.

मी तेरा वर्षांची असताना आत्या
डाळीचं पीठ घेऊन बसायची माझे हात मांडीवर ओढून,
घासलं की जातात, म्हणायची.
गेले नाहीत. सालडं गेली.
आता दर तिसऱ्या शनिवारी
मन्रो स्ट्रीटवर एक बाई गरम मेण लावते
आणि मी छताकडे बघते.
माझे हात कसे आहेत, मलाच ठाऊक नाही.

तुकडा कचऱ्यात टाकला.
शर्टाच्या बाह्या कोपरापासून कापल्या,
कात्री वाकडी चालली. चालू दिली.

एकतीस तारखेला सरोवरावरून वारं,
अडतीस डिग्री, म्हणजे आपल्याकडचे तीन.
कोट घाल म्हणून मी निम्मी गल्ली तिच्यामागे,
हातात कोट, लांडगिणीची हमालीण.
चंद्र ढगात. त्याचं तिला काही नव्हतं.

कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या मिसेस कोवाल्चिक
चष्मा खाली ओढून वाकल्या:
बाकी ठीक गं, पण हातावरचे कसे चिकटवलेस?
अगदी खरे वाटतात.
सावनीनं एक चॉकलेट घेतलं.
मग आणखी एक घेतलं.

रात्री दहाला ती सोफ्यावर आडवी,
एक बूट पायात.
खोबरेल कोमट करून बसले,
कापसानं गालावरची चटई सोडवत,
थोडी थोडी.
कानशिलापाशी तर कळेना
गुडविलचं कुठं संपतं, मुलगी कुठं सुरू होते.
एक केस धरून ओढला.

हा माझा,
ती झोपेतच म्हणाली,
आणि कूस बदलली.