दगडावरचं नाव

तलावपाळीवरचे फुगे, भेळ, घोडागाडीवाले मागे टाकून
मी इगर्जीच्या दारात चपला काढल्या.
"राहू द्या ना," बस्त्याव म्हणाला, "इथं चालतात."
त्याच्या हातात मेण खरवडायची बोथट सुरी.

पण जमिनीतच तर माणसं होती.
पायाखाली पोर्तुगीज अक्षरं,
किती पिढ्यांच्या टाचांनी मऊ झालेली.
एका नावाचा उरला होता
वेटोळं घालून बसलेला शेवटचा एस.

"कोण हा?"
"कुणाला ठाऊक. लग्नात नवरी नेमकी इथंच उभी राहते.
माझी पण राहिली होती."
आणि तो परत मेणाकडे वळला.

तळव्याला तो एस गार लागला, बराच वेळ.

बाहेर आले, तर एक चप्पल
कुत्र्यानं पार फाटकापाशी नेलेली.