चौतीस दाती

पावणेपाचला चांदणी चौकात नफिसा उभी,
हेल्मेटखाली स्कार्फ, गालात खारीक.
"गुडघा कसाय?"
"आहे अजून."
बावधनची कुत्री भुगावच्या हद्दीपर्यंत सोबत आली,
मग त्यांची ड्यूटी संपली असावी.

पिरंगुटचा घाट म्हणजे नुसती तोंडी परीक्षा.
मागून ट्रक येतो,
आपली सावली पुढे लांबच लांब पडते,
ट्रक जवळ आला की आखडते, कडेला सरकते,
आणि तो गेला की सावली नाही,
फक्त डिझेल.

मुठ्यात उजाडलं.
पोहे होते, लिंबू नव्हतं.
टपरीवाल्यानं विचारलं, "कुठवर?"
नफिसा म्हणाली, "बर्फापर्यंत."
त्यानं चहात साखर जरा जास्तच घातली.

टेमघरनंतर रस्ता बोलू देत नाही.
पुढे लहान चक्र, मागे चौतीस दाती:
सगळ्यात हलका गियर,
नफिसा त्याला पेन्शन म्हणते.
"इतक्यात काढू नकोस गं, घाट बाकी आहे."
मी काढली.

चढ मी दुकानातल्या सवयीनं मोजते.
दहा पॅडल, एक स्ट्रिप.
दहा स्ट्रिपा, एक डबी.
वणव्यानं काळी झालेली डोंगराची कूस,
तिच्यात एकटी काटेसावर,
अंगावर पान नाही, नुसती लाल.
तिच्याकडे बघताना हिशेब चुकला.
चौदावी डबी की पंधरावी?
परत एकपासून.
घाम चष्म्याच्या आतून उतरतो
आणि वळणानंतर वळणच असतं.
शाळेत असताना कधी वाटलं नव्हतं
की आपण इतक्या हळू
कुठे तरी जाऊ शकू.

माथ्यावर ते रिसॉर्ट.
फाटकावर थर्मोकोलचा पेंग्विन, चोच गेलेली.
आत 'हिमदालन':
उणे पाच, तासाला सहाशे, जॅकेट भाड्यानं.
राखणदार लहू मरगळे म्हणाले,
"बर्फ बंद हाय, ताई.
वीजबिल थकलं, तवापास्नं वितळला."
त्यांनी तरी दार उघडून दाखवलं.
ओल्या पोत्याचा वास.
निळ्या भिंतीवर रंगवलेली पाइनची झाडं,
एक पुतळा, गॉगल लावून, कमरेत वाकून
उतरायच्या तयारीत,
पायाखाली कोरडी फरशी.
किती वर्षं वाकलाय, लहूंनाही सांगता येईना.

"हितं आमची नाचणी असायची," ते म्हणाले,
आणि हात असा फिरवला
की त्यात पार्किंगही आलं, पेंग्विनही आला.
पुढे काही म्हणाले नाहीत.
आम्हीही नाही.

मागच्या बाजूला दोन दगडांवर
चार स्की शेजारी-शेजारी मांडून बाक केलेला.
त्यावर बसून आम्ही थालीपीठ खाल्लं,
लहूंना लसणाची चटणी आवडली.
नफिसा पाय हलवत म्हणाली,
"आलो ना शेवटी स्कीवर?"
आणि इतकी हसली की बाक कलंडला.

उतार मात्र उतारच होता.
तीन तासांचं कमावलेलं
एकवीस मिनिटांत उधळलं.
आतला गुडघा बाहेर, खांदा खाली,
वळण अंगात घ्यायचं, मग सोडायचं,
पुढचं घ्यायचं.
ब्रेक-रबराचा जळका वास, डोळ्यांना धारा,
वाऱ्यानं जर्सीचं शीड.
त्या पुतळ्याला हे दाखवायला हवं होतं.
त्यानं निदान कंबर तरी सरळ केली असती.

चांदणी चौकात नेहमीचा तुंबारा.
रिक्षावाला म्हणाला, "मावशी, कडेनं घ्या की."
घेतलं.

आता रात्रीचे दहा.
पाय स्टुलावर.
फ्रीजरमधला बर्फ पंचात बांधून गुडघ्यावर ठेवलाय,
थेंब पोटरीवरून घरंगळत
टाचेपर्यंत जातो, वळणं घेत.
नफिसाचा मेसेज:
पुढच्या रविवारी वरंधा?
पंचा पिळून घेते आधी.