विषयाची ओळ

शिरोलीच्या फौंड्रीत, ड्रॉइंग सेक्शनला,
सकाळपासून नवीन आवृत्ती उतरतेय.
वीज दोनदा गेली.
बारा टक्क्यांवरून पुन्हा शून्य.
खाली भट्टी पेटलेली,
कीबोर्डवर काळ्या वाळूची साय.

इलाही शिकलगार, आमचा पॅटर्नवाला,
चहाचा ग्लास घेऊन मागं उभा:
"काय बदललं ह्यात, बाई?"

मी सांगते, जमेल तसं.
की कुलूप आपण उघडंच वाटायचं,
पुण्याच्या पंपवाल्याला, जर्मनीच्या गिऱ्हाइकाला.
त्यांनी कागद आत ठेवून खटकन दाबायचं.
किल्ली एकच, माझ्यापाशी,
आणि त्या किल्लीवरही एक वाक्य,
जे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

"आमचा आज्जा करायचा तसलं," तो म्हणतो,
"लावायला गाव, उघडायला सावकार."

जुन्या कुलपाचं गणित आता कच्चं ठरलंय.
म्हणून चारशे बारा फाइली
एकेक उघडायची, नव्यानं बंद करायची.
भक्कम करायचं तर आधी उघडावं लागतं,
हे माहितीपत्रकात कुठं लिहिलेलं नाही.

व्हॉल्व्हची बॉडी. बेअरिंगचं घर.
पुराच्या ऑगस्टात बुडालेल्या
एकशे सात लाकडी पॅटर्नांची यादी,
प्रत्येकापुढं इलाहीचा शेरा:
फुगला. फुगला. चिरला. फुगला.
तो वाकून वाचतो, ग्लास तसाच हातात.
"एकशे आठ हुते," म्हणतो, आणि खाली जातो.

दुपारी ती मेल निघाली.
माझीच. सहा वर्षांपूर्वीची, मगदूम मालकांना.
आतला शब्दन् शब्द कुलपात,
आणि वर, रस्त्यावर ठेवल्यागत, विषय:
राजीनामा.
तेव्हा विषयाला कुलूप नसायचं.
जेवणाच्या सुट्टीपर्यंत
अकाउंटवाल्याला कळलं, गेटवरच्या बाबूरावलाही.
मालक स्वतः वर आले,
दीड हजार वाढवून गेले.
मेल त्यांनी उघडली नाही.
कशाला उघडतील? विषय वाचला होता.

आत पगाराचं काहीच नव्हतं.
आत एवढंच होतं
की त्या लॉटमधल्या तीन नगांना चीर आहे,
केसाएवढी, फ्लँजच्या मुळाशी,
आणि रिपोर्टवर सही माझी मागितली जातेय.

सही मी केली.
दीड हजार कमी नव्हते तेव्हा.
ते तीन नग कुठल्या पंपात आहेत, कुणास ठाऊक.

नवी आवृत्ती विषयही झाकते.
बाहेरून नुसते तीन ठिपके दिसतात,
आत काय ते उघडल्याशिवाय कळत नाही.
पलीकडच्या केबिनीत मालकांचा पंखा कुरकुरतोय.

साडेपाचचा भोंगा झाला.
हातपाय धुवायला नळावर गर्दी,
खालून इलाही हाक मारतो, "झालं का, बाई?"

चारशे अकरा झाल्या.