लेखाशीर्ष

चित्ता कॅम्पच्या समाजमंदिरात
उरल्यासुरल्या पाइपांचे दोन कठडे,
प्लंबर मुनीरने फुकट ठोकून दिलेले.
दर मंगळवारी ताई यायच्या,
पिशवीत गोधडीची वळकटी, एक खुळखुळा.

माझ्या इरण्णाने चौथ्या वर्षी मान धरली.
अकरा सेकंद.
ताईंनी वहीत लिहिलं,
मी भिंतीवर, खडूने.

वॉर्ड ऑफिसात साहेब म्हणाले,
यंदा या कामाचं लेखाशीर्षच बंद.
शीर्ष म्हणजे?
डोकं समजा, बाई.

डोकं केवढं जड असतं, साहेब,
हात देऊन बसल्याशिवाय नाही कळत.
हे जिन्यात सुचलं. वर गेले नाही पुन्हा.

रात्री पोराच्या मानेखालचा हात
हळूच काढून घेतला.
मोजलं. तेरा.

वही ताईंकडेच राहिलीय.