डाव्या कानातली बाई

फोंड्याला, तिस्कावर, गाद्यांच्या दुकानाच्या डोक्यावर
आमची खोली.
एक काच, एक माईक, भिंतीला अंड्यांचे ट्रे.
सुरंगाबाई येते, चप्पल दाराबाहेर काढते,
देवळात काढावी तशी.

तेरा वर्षं ती तोच दहा वर्षांचा मुलगा आहे.
शिवाय त्याची आजी, एक लंगडा कोल्हा,
आणि एकदा, जादा पैसे न घेता, वादळ.

उजव्या कानात मी : "पुन्हा. ओठ जुळले नाहीत."
डाव्या कानात तोक्योची ती बाई.
भाषा कळत नाही, श्वास कळतो.
कुठे घेतला, कुठे चोरला,
हसण्याआधी घसा कुठे जरासा अडला.
"आज तिला सर्दी झालीय," सुरंगाबाई सांगते,
आणि आमचा मुलगाही त्या भागात नाक ओढतो.

मार्दोळच्या जत्रेत ती स्वतःच्या आवाजात गाते.
तेव्हा एकही पोर मान वर करत नाही.

काल नवे भाग आले.
मुलगा तोच, केस तेच,
आवाज दुसरीचा.
तिनं हेडफोन काढला, पदरानं पुसला, परत लावला.
"ती खंय गेली?"
मला काय ठाऊक. माझ्या कागदावर
मिनिटं आणि सेकंद असतात.

खाली पोदेराचा भोंपू वाजला. टेक तसाही गेलाच असता.
मग बऱ्याच वेळानं ती शेवटचं गाणं म्हणाली,
ती बाई घ्यायची तिथेच श्वास घेत,
चित्राच्या किंचित मागे.

ओठ जुळले नाहीत.
मी बटण दाबून धरलं होतं,
बोललो नाही.