चार नंबरचा तंबू

लेकीनं मोबाईलवर तंबू बुक केला.
"बाबा, रिटायर झालात, आता तरी
घराबाहेर झोपा एक रात्र."
म्हटलं, घराबाहेरच तर होतो बाप्पा,
एकोणतीस वर्षं, पहाटे साडेतीनपासून.

पारशिवनीच्या पुढं डांबर विरळ होत गेलं
आणि साग सुरू झाला.
जानेवारीतला साग : पानं कमी, आवाज जास्त.
कोलितमाऱ्याला वनखात्याचे सहा तंबू,
हिरवे, खुंट्यांना ताणलेले,
कवायतीला उभे केल्यासारखे.
मग उतार, उतारावर कहूची झाडं,
आणि मग ती.

पेंच.
मला वाटलं होतं, ओळख पटेल.
मी तिला पाइपातून ओळखत होतो :
गोळीबार चौकात डावीकडं वळणारी,
टिमकीच्या चढावर धाप लागणारी,
भानखेड्याच्या शेवटच्या गल्लीत करंगळीएवढी.
लोखंडी चावी खड्ड्यात उतरवायची,
साडेअठरा फेरे.
मे महिन्यात अकराच.
त्या साडेसात फेऱ्यांसाठी शिव्या खाल्ल्या,
एकदा गुंडच लागला कपाळाला. खूण आहे.

इथं ती नुसती पसरलेली,
एकाही वॉर्डाचं वेळापत्रक न वाचलेली.
मी चप्पल काढली.
नमस्कार करावा की हजेरी लावावी,
कळेना.

संध्याकाळी फागूलाल इनवातेनं गोवऱ्या पेटवल्या.
जावयानं विचारलं, वाघ येतो का इकडं?
"येते न. पण बुकिंग नाही करत."
रोडगे राखेत उलटत होते,
वांग्याच्या भाजीचा ठसका लेकीच्या नाकात.
नातवानं टॉर्च फिरवला पाण्यावर :
दोन डोळे, आणखी दोन,
मग काहीच नाही, फक्त एक रेघ
पलीकडच्या काठाकडं जात राहिलेली.
"पानमांजर," फागूलाल म्हणाला,
"लाइट बंद कर बेटा, ते जेवून राहिले."

जेवण आमचंही झालं.
तुपाचे हात गवताला पुसता पुसता त्यानं विचारलं,
"तुमी पान्याच्या खात्यातले न?
मंग तुमी आमच्या विहिरीचं पानी प्याले."
हात वर केला, धरणाकडं.
"आज्याची विहीर होती, दगडानं बांधलेली.
आता तिच्यावर साठ फूट पानी हाय."
हसला.
मीही हसलो, जरा उशिरा.
काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं,
गोड होती का?
त्यानं एक अर्धवट जळलेली गोवरी
काडीनं मध्ये सरकवली. मग म्हणाला,
"पाय धुवायले बी वापरत नोहतो आमी ते."

साडेतीनला जाग आली.
गजर नव्हता, हात उशीखाली चावी शोधत होता.
तंबूची चेन उघडताना केवढा आवाज,
अख्खं जंगल दचकेलसा.
रातवा थांबला. परत सुरू झाला.
दोरीपुढं जायचं नाही, असं बजावलेलं,
म्हणून दोरीला धरून उभा राहिलो,
मफलर कानावर, तोंडातून वाफ.

आत्ता गोळीबार चौकात तो नवा पोरगा,
चेतन, झाकण उचलत असेल.
टिमकीत पहिल्यांदा हवा खोकेल नळातून,
मग गढूळ, मग स्वच्छ.
मी इथं मनातल्या मनात फेरे मोजू लागलो.
सात. बारा. अठरा.
पाणी काही सुरू झालं नाही.
ते सुरूच होतं.
आणि मला काहूनतरी तो दगडी काठ आठवत राहिला
मी कधीही न पाहिलेला,
त्यावर दोर घासून पडलेल्या खाचा,
त्यात आता मासे अंग घासत असतील का,
की गाळानं भरल्या असतील.
फागूलालला विचारायला नको.

तंबूतून बायको, अर्धी झोपेत,
"काय हो, नळ आले काय?"

हौ, म्हटलं, आले.
झोप तू.
आज गुंड नाही लावायचा.